अकोल्याचा आवाज

फोन खाली ठेवला, तरी आवाज थांबला नाही. दुपारची वेळ होती. माझी सून माधवी शाळेत शिकवायला गेली होती, मुलगा धर्मेंद्र त्याच्या ऑफिसात, आणि वीज गेल्यामुळे घरातला पंखा, फ्रिज, सगळंच गप्प होतं. मी अकोल्याच्या माझ्या मैत्रिणीशी, मनकर्णेशी बोलून नुकताच फोन टीपॉयवर ठेवला होता. बोलून म्हणजे भांडूनच. गेले काही आठवडे तिचा आवाज मला नीट येत नव्हता. मागे एक बारीक, सलग शिटी, आणि शिटीच्या पलीकडे ती, धान्याच्या कोठीत तोंड घालून बोलावं तशी. मी तिला रोज एकच सांगत होते की दोष तुझ्या बाजूला आहे. बिचारीने सिम बदललं, भाच्याला सांगून नवा फोन घेतला, अकोल्याच्या उन्हात गच्चीवर उभी राहून बोलली. मी म्हणत राहिले, अजून आहे, तुझ्याकडेच आहे. आणि आता फोन टीपॉयवर पालथा पडलेला, आणि शिटी चालूच. मी फोन पूर्ण बंद केला. स्वयंपाकघरात जाऊन गॅसचं बटण पाहिलं. गॅलरीत आले. समोरच्या कडुनिंबावर एक कावळा चोच उघडत होता, मिटत होता, आणि तो ओरडतोय हे मला त्याच्या चोचीवरून कळलं. शिटी माझ्याबरोबर गॅलरीत आली होती. मी आत गेले तेव्हा तीही आत आली.

दुसऱ्या कुणाला हे फार आधी कळलं असतं. पण मी टेलिफोन ऑपरेटर होते, अमरावतीच्या ट्रंक बोर्डावर परगावचे कॉल जोडण्यात जन्म गेला, आणि आमच्या धंद्यात बिघाड नेहमी दुसऱ्या टोकाला असायचा. सकाळी ड्यूटीवर बसलं की पहिलं काम लाइन तपासण्याचं. कॉर्ड जॅकमध्ये घालायची, बेल द्यायची आणि विचारायचं, अकोला, आवाज कसा आहे? खरखर असली तर अमरावती म्हणायची अकोल्याकडून आहे, अकोला म्हणायचं अमरावतीकडून. मध्ये मूर्तिजापूरला कुठे तार पडलेली असली, तरी दोन्हीकडच्या बाया आपापलं टोक साफ असल्याची शपथ घ्यायच्या. तीच सवय मी या वयात मनकर्णेवर चालवली. तिने कधी उलट म्हटलं नाही की बिघाड तुझ्या कानात असेल. तिलाही ते सुचलं नसणार. तीही ऑपरेटरच, त्या टोकाची.

धर्मेंद्रने मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे एका पोरीने मला काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवला, हातात एक बटण दिलं आणि म्हणाली, आवाज आला की दाबायचं, आजी. कानावर ती गोल गादी बसली आणि मी एकदम ताठ झाले. मान सरळ, डावा हात मोकळा, उजवा बोर्डाकडे. कित्येक वर्षांनी कानावर ते वजन आलं होतं. आमच्या ट्रंक रूमच्या उंच खिडक्या, उन्हाळ्यात त्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्या, त्यांच्यावर पाणी मारलं की येणारा थंड ओला वास, आणि त्यात मिसळलेला हेडसेटच्या तापलेल्या एबोनाइटचा वास. समोर दिव्यांच्या रांगा. दिवा लागला की कॉल. सुटता कामा नये. मी बटण दाबू लागले. जरा वेळाने पोरीने दार उघडलं आणि हसत काहीतरी म्हणाली. मी तिच्याकडे पाहत राहिल्यावर ती वाकून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, आजी, मी अजून आवाज सोडलाच नाही. मला इतकी लाज वाटली. आवाज न येता मी कॉल घेत होते.

डॉक्टर चांगला होता. त्याने कागदावरची खाली उतरत गेलेली रेघ दाखवली. उजवा कान फार उतरलाय, डावाही त्याच वाटेवर आहे. शिटी बाहेर कुठे नाही, कानाला ऐकू येईनासं झालं की मेंदू आपणच आवाज तयार करतो. ती बहुतेक जायची नाही, पण सवय होईल. मी विचारलं, हे हेडसेटमुळे झालं का? पावसाळ्यात कुठे वीज पडली की तारेतून कानात फटका यायचा, आम्ही गादीखाली हातरुमाल घालून बसायचो. की मागच्या महिन्यात गल्लीतून वरात गेली, डीजेने खिडकीच्या काचा थरथरत होत्या, त्यामुळे? तो म्हणाला, काहीही असेल, वयही आहे, आता कारण शोधून काय करता. त्याने कानाचं मशीन लिहून दिलं. आणि निघताना ती पोरगी माझ्यासमोर येऊन, उजेडाकडे तोंड करून म्हणाली, समोरच्याच्या ओठांकडे पाहून ऐकत जा, आजी. निम्मं तिथूनच कळतं.

मशीन लावलं की भांडी पडल्यासारखी आपटायची, माधवीच्या बांगड्या कानात टोचायच्या, पण घरातल्यांचं बोलणं पुष्कळ कळू लागलं, कारण ती समोर असायची. फोनवर मात्र काहीच जमेना. फोन मशीनजवळ नेला की आणखी एक शिटी. मशीन काढून डाव्या कानाला लावला तर शब्दांची टोकं तुटून येत. पहिलं अक्षर आलं की दुसरं बुडायचं. धर्मेंद्र म्हणाला, मग मावशीला व्हिडिओ कॉल कर ना, तोंड दिसेल. त्याने तसं तिला विचारलंही. ती म्हणाली, व्हिडिओ नको. त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाली, बाबू, सांगतलं ना एकदा. आणि फोन ठेवला.

त्या नकाराने मी जितकी दुखावले तितकी बहिरेपणानेही दुखावले नव्हते. कारण तो नकार मला ओळखीचा होता.

मी वलगावची. माझे वडील छपन्न साली दीक्षा घेऊन आले तेव्हा मी आईच्या कडेवर होते. मॅट्रिक झाले आणि टेलिफोनमध्ये लागले, तेव्हा वडिलांनी सगळ्या वस्तीला सांगितलं की माझी पोरगी सरकारच्या तारेवर बोलते. ऑफिसात कुणी मला कधी वाईट बोललं नाही. फक्त माझ्यानंतर पाळी असलेली एक बाई हेडसेट ओल्या रुमालाने पुसून घ्यायची. सगळ्यांचाच पुसते, म्हणायची, केसांचं तेल लागतं. दुसऱ्या कुणाच्या पाळीनंतर तिला तो पुसताना मी पाहिलं नाही. असल्या गोष्टी धरून ठेवायच्या नाहीत असं आम्हाला घरी शिकवलं होतं, आणि मी धरून ठेवल्या नाहीत. पण म्हणूनच मला तारेवरची माणसं आवडायची. आवाजाला आडनाव नसतं. सरकी आणि कापसाचे व्यापारी अकोल्याहून मुंबईचा भाव विचारायला अर्जंट कॉल लावायचे, संत्र्यांचे दलाल दिल्लीला ओरडायचे, आणि त्या सगळ्यांच्या मधून दुपारी, बोर्ड जरा निवला की, अकोल्याकडून तो आवाज यायचा. काय करून राह्यली वं कौशल्या?

तो आवाज कसा होता ते लिहून सांगणं अवघड आहे. जाड नव्हता, बारीक नव्हता. आकडे सांगण्याआधी ती हलकंसं खाकरायची. हसू आलं की आवाज बाहेर न येता आत जायचा, आणि तारेवर क्षणभर नुसता श्वास ऐकू यायचा. ती हिवरखेडची, घरची शेती, पाच भावांत एकटी बहीण, लग्न नाही. का नाही, हे मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. बाकी सगळं सांगितलं. घरी तुरीला किती शेंगा लागल्या, भावजयीने कोणत्या गोष्टीवरून तोंड फुगवलं, सुपरवायझरची साहेबी, अकोल्याचं ऊन. तुमची अमरावती काय वं, म्हणायची, संत्रं सोललं तरी तुमाले थंडी वाजते. मीही तिला सगळं सांगितलं. शेषराव, माझे यजमान, गेले त्या दुपारी मी बोर्डावरच होते. दवाखान्यातून फोन आला. मी ऐकलं, बरं म्हटलं, आणि ती कॉर्ड काढून अकोल्याच्या जॅकमध्ये घातली. मी काय बोलले ते आठवत नाही. ती काही बोलली नाही. लाइन धरून बसली. बोर्डावर दिवे लागत होते, शेजारच्या बाया माझे कॉल घेत होत्या, आणि माझ्या कानात तिचा श्वास होता, बाकी काही नाही. मला कुणीतरी घरी न्यायला येईपर्यंत तिने लाइन सोडली नाही.

भेटलो एकदाच. युनियनच्या अधिवेशनाला ती अमरावतीला आली होती. मी तिला क्वार्टरवर जेवायला बोलावलं. आदल्या दिवसापासून माझी धांदल. पाटोडीचा रस्सा केला, ज्वारीच्या भाकरी, वर तेल-तिखट. दारात एक उंच, सावळी बाई उभी राहिली, पदर डोक्यावरून घेऊन त्याचं टोक तोंडाशी धरलेलं. मी कौशल्या, म्हटलं. तिने मान हलवली. बसलो. तारेवर एकमेकींचं बोलणं तोडणाऱ्या आम्ही दोघी, दाखवायला आणलेल्या मुलींसारख्या गप्प. ती भिंतीकडे अर्धी वळून बसली होती. पदराचं टोक तोंडावरून हललं नाही. जेवतानाही पदराआडून एक-दोन घास, मग पाणी, मग म्हणे पोट भरलं. ताटात रस्सा तसाच. मी तो ओट्यावर नेऊन ठेवला आणि उगीच तिथे उभी राहिले. मला सगळं समजलं होतं. असं मला वाटलं. पाच भावांच्या शेतकरी घरातली बाई, आमच्या भिंतीवरची बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि तोंडावर पदर.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोर्डावर तिचा आवाज आला, जसाच्या तसा. आपुन फोनवरच बऱ्या वं, म्हणाली, आणि आत हसली. मीही हसले. तुया हातची पाटोडी मस्त होती, म्हणाली. अर्धीही खाल्ली नाहीस, हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले आणि तिथेच राहिले. मी ठरवलं की जी बाई माझ्या घरी आली ती वेगळी, आणि हा आवाज वेगळा. आवाज मी ठेवून घेतला. पुढे बोर्ड गेले, कॉर्ड गेल्या, आम्ही रिटायर झालो, हातात मोबाइल आले. रोज जेवणानंतर तिचा फोन यायचाच. इतक्या वर्षांत ती कधी अमरावतीला आली नाही, मी कधी अकोल्याला गेले नाही. अंतर किती, एसटीने दोन-अडीच तासांचं.

आता तो आवाजच गेला होता, आणि उरली होती ती बाई.

मी फोन उचलणं सोडलं. जेवण झालं की टीपॉयवर तो थरथरायचा, तिचं नाव दिसायचं, आणि मी बाजूला बसून तो थरथरून थांबेपर्यंत पाहायची. मग शिटी आणि मी. गंमत अशी की डोळे मिटले की मला मनकर्णा अगदी साफ ऐकू यायची. खाकरणं, श्वास, वं म्हणतानाचा हेल, सगळं. तिथे शिटी पोचत नव्हती. कितीतरी दुपारी मी तसंच केलं. ती बोलायची, मी ऐकायची. पण हळूहळू लक्षात आलं की ती तेच तेच बोलते. तुरीच्या त्याच शेंगा, तीच भावजय. आठवणीतल्या मनकर्णेला आज काय झालं ते ठाऊक नव्हतं. तिचा गुडघा कसा आहे ते तिला सांगता येत नव्हतं. मेलेल्या माणसांचे आवाज मी असेच ऐकते, शेषरावांचा, आईचा. मनकर्णा तर जिवंत होती, आणि मी तिला त्यांच्यात नेऊन बसवलं होतं.

शेवटी तिने धर्मेंद्रला फोन केला. तो घरी येऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि हसू दाबत म्हणाला, "मावशी विचारत होत्या, तुई माय जिती हाय का मेली ते सांग. मेली असन तर मी रडून मोकळी होतो."

मी म्हटलं, उद्या मला अकोल्याच्या गाडीत बसवून दे.

एसटीत खिडकीशी बसले. गाडी सुरू झाली, इंजिनाची घरघर पायांतून वर चढली, आणि बडनेरा मागे पडता पडता माझ्या ध्यानात आलं की शिटी नाही. घरघरीत ती बुडून गेली होती. कितीतरी दिवसांनी डोकं रिकामं झालं. दोन्ही बाजूंना काळ्या रानात कापूस फुटला होता, वेचणाऱ्या बायांच्या कमरेला ओट्या, मधूनमधून तुरीची पिवळी रांग. कंडक्टर काहीतरी विचारत होता, मी त्याच्या ओठांकडे पाहिलं आणि म्हटलं, अकोला. तो पुढे गेला. मूर्तिजापूर आलं. कधीकाळी इथेच कुठे तार पडायची. मी मनाशी पक्कं करत होते की तिच्यासमोर जायचं, कान गेले एवढं सांगायचं. तिने तोंडावर पदर धरला तर धरू दे. मग संध्याकाळच्या गाडीने परत यायचं, आणि त्यानंतर अकोल्याशी काही संबंध नाही. तिथून गाडी जसजशी पुढे जाई तसतसं मला वाटू लागलं की ही घरघर थांबूच नये.

दार तिच्या भाचसुनेने, करिश्माने उघडलं. मनकर्णा आतल्या खोलीत खाटेवर बसली होती. केस पांढरे, अंग वाळलेलं, आणि पदराचं टोक तोंडाशी. मी समोर खुर्चीवर बसले. पदर हलू लागला, म्हणजे ती बोलत होती. मशीनमधून नुसता घोगरा आवाज येत होता, कापडातून गाळलेला. डोळे रागावलेले होते, मग ते भरून आले, पुन्हा रागावले. ती बराच वेळ बोलली. मला त्यातलं काही कळलं नाही. मी हो म्हणू शकले असते. बहिरी माणसं हो म्हणतात, मी घरी शिकले होते ते.

मी म्हटलं, "मनकर्णा, मले ऐकू येत नाई. लाइन तुयी चांगली होती. मायेच कान गेले. मले तोंड दिसलं तरच समजते."

पदर थांबला. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग करिश्माकडे. हाताने तिला चहाची खूण केली. करिश्मा आत गेली तरी मनकर्णा तशीच. बाहेर रस्त्यावरून काहीतरी जड गाडी गेली असावी, खाटेचा पाय माझ्या पायाला लागला होता तो थरथरला. माझी शिटी परत आली होती. मी पर्स मांडीवर घेतली. संध्याकाळची गाडी किती वाजता ते मला माहीत होतं.

तिने पदर खाली केला.

ओठ पांढरे होते. ओठांच्या कडेने हनुवटीपर्यंत आणि एका बाजूने नाकाखाली, कोडाचे पांढरे डाग, सावळ्या तोंडावर दुधाचं बोट फिरवल्यासारखे. ती बोलली, आणि पहिल्यांदा मला तिचा शब्द दिसला. काळ्यावर पांढरा. दूरच्या पाटीवरचं अक्षर वाचावं तसा.

"पाहून घे," ती म्हणाली. "तुया घरी आली होती तवा नुसतं कोपऱ्यात होतं. मंग पसरलं. याच्यापायी तं फोनची नोकरी धरली. तिथं कोन पाह्यते?"

मी म्हटलं, "मले वाटलं, तू आमच्या घरचं खाऊन नाई राह्यली."

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने डोळे मिटले. मला वाटलं आता ती म्हणेल, छे, तसं काही नव्हतं. मला ते ऐकायचं होतं, इतकी वर्षं तेच ऐकायचं होतं. पण मनकर्णा तारेवर कधी खोटं बोलली नव्हती.

"जेवता येत नोतं पदराआडून, म्हनून खाल्लं नाई," ती म्हणाली. मग थांबून, ओठ मुद्दाम सावकाश हलवत, "पन हिवरखेडले कोनाले सांगतलंबी नाई, कोनाच्या घरी जेवली ते. माय जिती होती तवा."

हे मला नीट कळलं. ओठांवरून कळलं, आणि मशीनमधूनही. मी मान हलवली. त्यात दुखण्यासारखं होतं ते दुखलं, आणि त्याच्या शेजारीच काहीतरी सैल झालं. मी म्हटलं, मीबी वलगावले नाई सांगतलं, तू ताट तसंच ठेवून गेली ते. ती हसली. हसू आत जाताना तिचे ओठ कसे मिटतात ते मला ठाऊक नव्हतं. एक बाजू आधी मिटते.

"जलमभर लपोलं," ती म्हणाली, "आन आता तुया कामी आलं, पाह्य."

करिश्मा चहा घेऊन आली, तशी मनकर्णेचा हात पदराकडे गेला. मग तो परत खाली आला. करिश्माने ट्रे ठेवला, घरात हे रोजच पाहत असल्यासारखं, आणि गेली. चहा निवला. मनकर्णेने मला गुडघ्याचं सांगितलं, भाच्याने तिला विचारल्याशिवाय विहिरीवर मोटर बसवली ते सांगितलं, भावजय वारली ते सांगितलं, जे मला फोनवर ऐकूच आलं नव्हतं आणि ज्यावर मी बरं बरं म्हटलं होतं. काही शब्द मला चुकत होते. चुकले की मी हात वर करायची, ती पुन्हा म्हणायची, वैतागून, तोंड मोठं उघडून. शिटी चालू होती. भावजयीच्या शेवटच्या दिवसांपाशी ती आली तेव्हा तिचा आवाज पडला असावा, कारण तो घोगरा आवाजही येईनासा झाला, आणि जुन्या सवयीने पदर मुठीत घेऊन तिचा हात हळूहळू वर सरकला, हनुवटीपर्यंत, ओठांपर्यंत. मी पुढे झाले, तिचं मनगट धरलं आणि हात खाली आणला. ती बोलतच राहिली.